पातळ हवेचे कॅप्टन डोंगरवार

कुडव्यातल्या आमच्या गल्लीचा उन्हाळ्यातला दिवस कॅप्टन डोंगरवारांच्या घोषणेनं सुरू होतो. बनियन आणि निळी लुंगी अशा थाटात ते फाटकापाशी येतात, कडुलिंबाच्या सावलीत टांगलेल्या तापमापकाकडे डोळे बारीक करून पाहतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगतात, "आज गोंदिया नाश्त्यापर्यंत चिखलदऱ्याले चढते! दुपारी महाबळेश्वर!"

आमचा दूधवाला नवा होता तेव्हा त्यानं गाडी थांबवून विचारलं होतं, "कौनसी बस जाती है साहब?"

हिशेब सोपा आहे, असं कॅप्टन म्हणतात. आपलं गोंदिया समुद्रापासून हजारेक फूट उंच. पण ऊन तापलं की हवा फुगते, विरळ होते. डोंगरावरची हवा असते तशी. मग विमानाला वाटतं, आपण डोंगरावरच आलो. पारा पस्तिशीच्या वर गेला की बिरसीच्या विमानतळावरचं विमान चिखलदऱ्यावर असल्यासारखं वागतं, आणि बेचाळीसला महाबळेश्वरावर. "उंची तेवढी फुकटात भेटते, गारवा नाई भेटत," असं म्हणून ते स्वतःच हसतात. डिसेंबरातल्या एखाद्या कडक सकाळी मात्र ते तापमापकाला जवळजवळ नमस्कार करतात आणि हळूच म्हणतात, "आज गोंदिया आपल्या घरी हाये."

मला हा माणूस आवडत नाही. म्हणजे आवडत नव्हता. म्हणजे अजूनही पूर्ण आवडतो असं नाही.

ते येण्याआधी गल्लीत मला मान होता. मी राइस मिलमध्ये मॅनेजर आहे. धानाचा दाणा दाताखाली धरून त्यात ओल किती ते मी सांगतो. लाइट का गेली, रेल्वे का उशिरा आली, निवडणुकीत कोण पडणार, हे सगळं लोक मला विचारायचे. मग समोरचं घर भाड्यानं गेलं आणि गल्लीत कॅप्टन आले.

कॅप्टन म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं त्यातलं या माणसाकडं काहीच नाही. बुटका बांधा, पुढं आलेलं पोट, पायात रबरी चप्पल. मूळचे नवेगावकडचे, तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातले. "आमच्या पणज्यानं पाणी अडवलं, आन मी हवा मोजून राहिलो," असं ते सांगतात. उभं आयुष्य डोंगराळ मुलखात लहान विमानं उडवली आणि उतारवयात बिरसीला पोरापोरींना उडायला शिकवायला आले. घरात एकटेच. लग्नाचा विषय कोणी काढला की ते तापमापकाकडं बघायला लागतात.

त्यांची दुसरी खोड म्हणजे वजन. पहिल्या भेटीत माणूस नाव विचारतो, गाव विचारतो. हे विचारतात, "वजन किती?" लहान विमानात कोण किती भारी आहे हे कळल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला बसवलं नाही. ती सवय जमिनीवरही सुटली नाही. ओळख करून घ्यायला आले तेव्हा माझ्या बायकोला नमस्कार केला आणि विचारलं, "वहिनी, वजन किती?" मी मनात म्हटलं, संपला हा माणूस. इतक्या वर्षांच्या संसारात हा आकडा तिनं मला कळू दिलेला नव्हता. आणि तिनं काय करावं? पदर सावरला, हसली आणि आकडा सांगितला. वर "सकाळचं हं, जेवणाआधीचं," असंही म्हणाली. कॅप्टननी गंभीरपणे मान डोलावली. "छान. मागच्या सीटवर चालते." त्या दिवसापासून आमच्याकडं पोहे झाले की एक ताटली समोर जाते. मला लिंबू उरत नाही.

माझ्या आईचंही तसंच. मिलमधला बॉयलर कसा चालतो, धान वाफवतात कसं, हे मी आईला आजवर कितीदा तरी समजावलं. दर वेळी ती म्हणायची, "बरं, जेवून घे." कॅप्टन एकदा ओसरीवर तिच्याजवळ येऊन बसले.

"माय, ताक घुसळता ना तुमी?"

"मंग? रोज घुसळतो."

"घट्ट दह्यात रवी फिरवली त हाताले कसं वाटते?"

"जोर लागते जी."

"आन पातळ ताकात?"

"भिंगरीवानी फिरत राह्यते. हाती काई नाई लागत."

"बस! थेच विमानाचं. समोरचा पंखा म्हणजे रवी. थंडीतली हवा दही, उनातली हवा ताक. पंखा फिरते जोरात, पर धराले काई भेटत नाई. इकडं बाजूच्या दोन पंखाले टेकाले हवा कमी, तिकडं इंजिनाले दम घ्याले हवा कमी. तिन्हीकून मार! मंग विमान धावते, धावते, धावते, उठाचं नावच घेत नाई."

आई विचारात पडली. मग म्हणाली, "तर मंग सकाळीच उडवाचं ना बाबू. कायले उनात मरता?"

"माय," कॅप्टन हात जोडून म्हणाले, "तुमाले उद्याच लायसन देतो."

आईनं ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगितली. नागऱ्याहून माझी आत्या आली तर तिला हातात रवी घेऊन दाखवली. बॉयलरबद्दल ती आजतागायत कोणाला काही बोललेली नाही.

'हवा पातळ झाली' हे कॅप्टनचं सगळ्या रोगांवरचं निदान होतं. कोणाची स्कूटर दुपारी रेल्वेच्या पुलावर दमली, हवा पातळ. कोणाचा जावई रुसून गेला, हवा पातळ. एकदा मी मिलमधल्या कटकटीनं वैतागून फाटकात उभा होतो तर पलीकडून म्हणाले, "मॅनेजरसाहेब, हवा पातळ झाली का? मंग भार कमी करा. डबा, ब्याग, जे असन थे खाली ठेवा आन बसा." मी मुद्दाम तसाच उभा राहिलो.

इथवर मी सहन केलं असतं. पण माझ्या मुलीनं बिरसीला विमान शिकायला नाव घातलं आणि हे तिचे सर झाले.

प्राची माझी एकुलती एक. लहानपणी स्कूटरवर पुढं उभी राहून मला विचारायची, बाबा, उन्हाळ्यात तलावातलं पाणी कुठं जातं? बाबा, रूळ गरम का होतात? मी सांगायचो आणि ते शेवटचं असायचं. आता आमच्या घरात प्रत्येक वाक्य 'सर म्हणतात' असं सुरू व्हायला लागलं. सर म्हणतात पाणी जास्त प्यायला पाहिजे. सर म्हणतात घाईत असलेल्या माणसाचं ऐकायचं नाही. एकदा मी आभाळाकडं बघून म्हणालो, संध्याकाळी वारा सुटेल. ती म्हणाली, "थांबा, सरांना विचारते." आणि गल्ली ओलांडून गेलीसुद्धा.

मग मी सापळा लावला. पावसाळ्याच्या तोंडावर, गल्लीतली चार माणसं जमलेली बघून मी मोठ्यानं विचारलं, "काय कॅप्टनसाहेब, आता दमट हवा आली. ओली हवा म्हणजे जड हवा. आता तर तुमच्या विमानाला दही मिळालं!" मला पक्की खात्री होती. ओलं धान जड असतं हे मी रोज काट्यावर बघतो.

"नाई जी," कॅप्टन म्हणाले. "धानात पाणी भरते म्हणून थे जड. पर वाफ हवेहून हलकी राह्यते. वाफ आत घुसली का तेवढी हवा बाहेर सरकते. दमट हवा आणखी पातळ."

मी प्राचीकडं पाहिलं. ती माझ्याकडं न बघता मान डोलावत होती. माझी बाजू राखावी म्हणून तिनं तोंड फिरवलं होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात प्राचीची एकटीनं उडण्याची वेळ आली. तोवर शेजारी सर बसलेले असतात. एक दिवस सर उतरतात, दार लावतात आणि म्हणतात, आता तू एकटी जा. विमान शिकणाऱ्याच्या आयुष्यात याहून मोठा दिवस नाही, असं ती म्हणाली. मी लगेच नातेवाइकांना फोन लावले. आत्या नागऱ्याच्या महादेवाला नारळ वाहून प्रसाद घेऊन आली. आम्ही सगळे विमानतळाच्या कुंपणाबाहेर, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्र्या घेऊन उभे राहिलो. मी मिलमधल्या चौघांनाही बोलावलं होतं. मुलगी माझी होती, हे एकदा जाहीरपणे दिसावं असं मला वाटत होतं.

सकाळी लवकर व्हायचं ते कुठल्याशा विमानाच्या दुरुस्तीनं लांबलं. ऊन चढलं. धुऱ्यावरची माती पायांना भाजायला लागली. शेवटी एकदाचं विमान पट्टीवर आलं, कॅप्टनना घेऊनच एक फेरी मारून उतरलं आणि शेडकडं परत गेलं. पुन्हा बाहेर आलंच नाही. प्राचीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "सर नाही म्हणाले. हवा पातळ झाली म्हणाले."

आत्या म्हणाली, "म्हणजे उडत नाई का पोरगी?"

मिलमधल्या एकानं माझ्या हातातली छत्री घेऊन मिटली फक्त. मी संध्याकाळी कॅप्टनच्या फाटकात जाऊन उभा राहिलो.

"तिथं पट्टी इतकी लांब आहे," मी म्हणालो. "मोठी विमानं उतरतात. हे काडीएवढं विमान उठलं नसतं काय?"

"उठलं असतं."

"मग?"

"उठणं काय, उठलंच असतं. पर रोज जिथून उठते तिथून नाई, पुढून. चढते त्याहून हळू. उतरतानी काट्यावर वेग तोच दिसते, पर जमीन जास्त जोरात पळते. पोरगी म्हणन, असं काऊन होऊन राहिलं? आन विचाराले बाजूले कोणी नाई." त्यांनी लुंगीची गाठ आवळली. "पह्यल्या दिवशी हाती ओळखीचं विमान द्याव जी. अनोळखी विमान मंग आयुष्यभर भेटतेच."

"माझे पाहुणे आले होते."

"मले दिसले. छत्र्या दिसल्या." मग म्हणाले, "उद्या पहाटं एकटेच या. मी आत येण्याची परवानगी काढतो."

त्या संध्याकाळी घरी मात्र मी सुखात होतो, कारण प्राची त्यांच्यावर चिडली होती. ताटात भाकरी मोडत ती सरांना नावं ठेवत होती आणि मी तिला आग्रहानं वाढत होतो. "हट्टी आहेत ते," ती म्हणाली. "आहेतच," मी म्हणालो. "स्वतःचंच खरं करतात." "करतातच." आमचं इतकं एकमत बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. पण ताक पिऊन होईतो तिचा राग उतरला आणि ती म्हणाली, "पण बाबा, उतरताना खरंच विमान लांबच लांब तरंगत गेलं आज. मी एकटी असते तर घाबरले असते." माझं सुख तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बिरसीला पोचलो. हवा स्वच्छ, थंड. बांधीवर बगळे उतरले होते. कॅप्टन आणि प्राची एक फेरी मारून आले, विमान थांबलं आणि ते उतरले. दार नीट लावून त्यावर दोनदा थाप मारली आणि माझ्याकडं चालत आले. विमान वळून पट्टीच्या टोकाकडं निघालं.

कॅप्टन माझ्याशेजारी आले आणि पट्टीकडं पाठ करून उभे राहिले.

"अहो, तिकडं बघा ना," मी म्हणालो.

"तुमी पाहा. मले सांगा."

मला वाटलं थट्टा करतात. पण त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. जो माणूस गल्लीत एका जागी उभा राहून सगळ्या जिल्ह्याला महाबळेश्वरला नेतो, तो समोरच्या शेडच्या पत्र्याकडं टक लावून बघत होता.

"निघाली का?"

"निघाली."

"सरळ हाये?"

"सरळ आहे."

"उठली?"

विमानाचं नाक वर झालं. चाकं सुटली. "उठली!" मी ओरडलो. "पार वर गेली!"

"पार वर नसन गेली. फेकू नका. बरोबर सांगा."

मी बरोबर सांगायला लागलो. आता वळली. आता तलावाच्या बाजूनं चालली. आता ऊन पडलं पंखावर. माझी मुलगी एकटी आभाळात होती आणि मी तिचा प्रवास तिच्या सरांना सांगत होतो. सांगता सांगता कधी त्यांनी माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली ते मला कळलं नाही. विमान खाली यायला लागलं तशी मूठ घट्ट झाली.

"टेकली का?"

"टेकली. एक छोटीशी उडी मारली. आता धावते आहे."

त्यांनी बाही सोडली. खिशातून रुमाल काढून मान पुसली. "किती जणांना सोडलं असं," ते म्हणाले. "एकाचंही पाहाले नाई झालं माझ्यानं."

प्राची शेडजवळ उतरली आणि धावत सुटली. आम्ही दोघं शेजारी उभे होतो. मी हात पुढं केले. ती आधी त्यांच्या पाया पडली. मग माझ्याकडं आली. मला बाहीवरच्या सुरकुत्या दिसत होत्या आणि त्या क्षणीही मला त्या माणसाचा हेवा वाटत होता, हे खरं आहे.

प्राची शिकली, लायसन मिळालं आणि दूर डोंगराळ मुलखात नोकरीला लागली. लहान विमान, थोडे प्रवासी, पट्टी आखूड आणि पट्टीच्या शेवटाला दरी. ती गेल्यापासून कॅप्टन रविवारी संध्याकाळी आमच्याकडं यायला लागले. कधी आजचा पेपर हवा, कधी आमच्या घरातलं तापमान किती ते बघायचं. मला वाटायचं, पोह्यांसाठी येतात. बसायचे, माझ्या फोनकडं बघायचे आणि जायचे.

यंदाच्या मे महिन्यातला एक रविवार. दुपारी प्राचीचा फोन आला. ती रडत होती. आदल्या दिवशी भर दुपारी कोणी मोठी असामी सामानसुमान आणि माणसांसह आली होती. लग्नाची घाई. ऊन होतं, पट्टी डोंगरावर, वारा पडलेला. प्राचीनं हिशेब केला आणि सांगितलं, दोन माणसं आणि निम्म्या पेट्या उतरवा, नाहीतर उद्या सकाळी जाऊ. त्यांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. कालची पोरगी म्हणाले. वरिष्ठांना फोन झाले. वरिष्ठही म्हणाले, जरा बघ, जमतं का. ती विमानाच्या सावलीत उभी राहिली आणि नाही म्हणत राहिली. आज सकाळी तीच माणसं, त्याच पेट्या प्राची दोन खेपांत गारव्यात घेऊन गेली. सुखरूप पोचली. कोणी तिचे आभार मानले नाहीत.

"काहीच झालं नाही बाबा," ती म्हणाली. "म्हणून त्यांना वाटतं मी उगाच केलं."

मी अर्धा तास तिच्याशी बोललो. ती बरोबर होती हे मी वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिलो. फोन ठेवताना म्हणाली, "सरांना सांगू नका मी रडले ते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओसरीत बसून होतो. मी खूश होतो. तिला रडायचं होतं तेव्हा तिनं मला फोन केला होता.

संध्याकाळी कॅप्टन आले. हातात त्यांचा तापमापक. तुमच्या घरातलं तापमान मोजून पाहतो म्हणाले. बसले, पाणी प्याले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग भिंतीकडं बघत विचारलं, "पोरीचा काई फोन?"

मी सांगितलं. रडण्याचं सोडून सगळं सांगितलं. दुपार, पेट्या, लग्नाची माणसं, विमानाच्या सावलीत नाही म्हणत उभी राहिलेली ती. ते ऐकत होते. तापमापक मांडीवरून घसरून चटईवर पडला तरी त्यांनी उचलला नाही.

"नाई म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्यांनी मान डोलावली. मग लहान आवाजात म्हणाले, "मले नाई केला फोन."

मी चटईवरचा तापमापक उचलून त्यांच्याजवळ ठेवला.

"नाई, बरोबरच हाये," ते घाईनं म्हणाले. "बापालेच कराव. शिकून गेलेले पोरं कायले करतीन? कामात राह्यतात. पह्यल्या वर्षी दिवाळीले करतात. मंग थेही नाई." ते उठले, चप्पल शोधायला लागले. "तुमचं बरं हाये मॅनेजरसाहेब. खरं सांगून राहिलो, हेवा वाटते तुमचा."

चप्पल त्यांच्या पायाशीच होती. ती त्यांना दिसत नव्हती.

मी फोन काढला, प्राचीला लावला आणि ती हॅलो म्हणायच्या आत त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. बनियनवर हात फिरवला, जणू ती समोरूनच बघणार होती. मी चहा ठेवायला आत गेलो.

आतून कान देऊन होतो. मला वाटलं, आता सुरू होईल. पारा किती होता, पट्टी किती, वारा कुठून, भार किती उतरवला. पातेल्यात पाणी उकळायला लागलं.

मग कॅप्टन डोंगरवारांचा आवाज आला.

"जेवली का माय?"

हे मी तिला विचारलं नव्हतं.